न पाहिलेला गेंडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो होतो. या व्यासपीठावर उभे राहण्याची माझी पात्रता तेवढीच. बडोद्याच्या या शाळेत ते आम्हांला इतिहास शिकवीत. आम्ही सातवीत असताना एके दिवशी त्यांनी एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ वर्गात आणला, त्यातले एक चित्र उघडून टेबलावर उभे केले आणि ते वहीत उतरवून घेण्यास सांगितले. चित्र गेंड्याचे होते. अंगावर लोहाराने ठोकून बसवावेत तसे पत्रे, पायांवर माशाचे खवले, नाकावर एक मोठे शिंग आणि मानेमागे, खांद्याच्या उंचवट्यावर, पिळाचे आणखी एक छोटे शिंग. आम्ही मन लावून चित्र उतरविले. मग गुरुजींनी विचारले, “यात चूक काय आहे?” वर्ग गप्प. आम्हांपैकी कोणी गेंडा पाहिलेला नव्हता. “मीही पाहिलेला नाही,” गुरुजी म्हणाले, “आणि ज्याने हे चित्र काढले त्यानेही पाहिला नव्हता.” तेवढ्यात घंटा झाली.

पुढे चाळीस वर्षांनी काझीरंगाच्या अरण्यात मी प्रथम गेंडा पाहिला. मित्रहो, खरे सांगायचे तर माझी नजर सर्वांत आधी गेली ती त्याच्या मानेमागे. तेथे शिंग नव्हते. ते नाही हे मला ठाऊक होते, तरीही मी ते शोधले. त्या चित्राने माझ्या डोळ्यांत जे एकदा बसविले होते, ते पुस्तकी ज्ञानाने निघाले नव्हते.

युरोपच्या प्रबोधनकाळावर बोलावे, असे संचालकांनी मला सुचविले. हा विषय एका संध्याकाळी आवाक्यात येण्यासारखा नाही. म्हणून मी त्या चित्रातल्या जनावराचीच कथा सांगणार आहे. एका वर्षाच्या आत या मुक्या प्राण्याला त्या काळातले राजे, दर्यावर्दी, चित्रकार, सावकार आणि धर्मगुरू या सर्वांचा संबंध आला. आणि तिचा आरंभ आपल्या गुजरातेतच झालेला आहे.

पावागडच्या सहलीला आपण सारेच गेलो आहोत. त्याच्या पायथ्याशी, येथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर, चांपानेरचे भग्न नगर आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी ते गुजरातच्या सुलतानांचे राजधानीचे शहर होते आणि १५११ पासून तेथे दुसरा मुजफ्फरशहा राज्य करीत होता. त्याच सुमारास, १५१० मध्ये, पोर्तुगीज सेनानी आफोंसू द आल्बुकर्क याने गोवा घेतले होते. आता त्याचा डोळा दीवच्या बंदरावर होता. खंबायतच्या आखातातून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या व्यापाराची नाडी दीव येथे हाती येत होती. १५०९ मध्ये दीवपुढच्या सागरी लढाईत पोर्तुगिजांनी इजिप्त, गुजरात आणि कालिकत यांच्या आरमाराचा पराभव केला होता खरा, परंतु समुद्र जिंकला म्हणजे किनारा मिळतोच असे नाही. १५१४ साली आल्बुकर्कने सुलतानाकडे वकील पाठविले आणि दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली.

सुलतानाने परवानगी दिली नाही. मात्र मुत्सद्दी राजाला शोभेल अशा रीतीने वकिलांना भेटवस्तू देऊन त्याने परत पाठविले. या भेटींत एक जिवंत गेंडा होता. आपण ज्याला गेंडा म्हणतो आणि गुजराती माणूस गेंडो म्हणतो, तोच शब्द पोर्तुगिजांनी उचलला आणि आपल्या लेखनात या जनावराला ‘गंडा’ म्हटले. आल्बुकर्कपुढे प्रश्न पडला असणार की या पाहुण्याचे करायचे काय. त्याने तो आपल्या राजाला, पहिल्या मानुएलला, पाठवून दिला. नकाराचा असा नजराणा झाला!

१५१५ च्या जानेवारीत मसाल्याने भरलेल्या जहाजातून गेंडा निघाला. सोबत ओसेम नावाचा त्याचा हिंदी माहूत होता. पोर्तुगीज कानांनी ऐकलेले हे नाव मुळात काय असेल, याचा तर्क प्रत्येकाने करावा. गेंड्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचे वर्णन इतिहासात तपशिलाने आले आहे, ओसेमच्या वाट्याला मात्र एका नावापलीकडे फारसे काही आलेले नाही. केप ऑफ गुड होपला वळसा घालून सुमारे चार महिन्यांत, २० मे १५१५ रोजी, जहाज लिस्बनला पोहोचले. नदीमुखाशी बेलेंचा बुरूज तेव्हा बांधला जात होता. त्या बुरुजाच्या एका घुमटीखाली दगडात कोरलेले गेंड्याचे डोके आहे. वाऱ्यापावसाने झिजले असले तरी ते ओळखता येते.

रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिलेला नव्हता. तो ग्रंथांतून मात्र सर्व विद्वानांना ठाऊक होता. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेवले होते की गेंडा हा हत्तीचा जन्मजात वैरी असून तो दगडावर शिंग परजतो आणि हत्तीच्या पोटावर वार करतो. प्रबोधनकाळाचा हाच तर मुख्य उद्योग होता की प्राचीनांचे ग्रंथ पुन्हा उघडून वाचावेत. मानुएल राजाने एक पाऊल पुढे टाकले आणि ग्रंथातले वाक्य पडताळून पाहायचे ठरविले. ३ जून रोजी दरबारी मंडळींच्या देखत त्याने गेंडा आणि आपल्याकडचा एक तरुण हत्ती समोरासमोर आणले. हत्ती घाबरून पळाला. प्लिनी खरा ठरला असे सर्वांनी मानले.

येथे थोडे विषयांतर करतो. याच पिढीतल्या दुसऱ्या एका माणसाला हीच शंका पडली होती. तो म्हणजे बाबर. हिंदुस्थानावरील शेवटच्या स्वारीत, १५२५ च्या अखेरीस, पेशावरच्या बाजूला गेंड्याची शिकार चालू असता माहुतांनी हत्ती पुढे घातले. तेथे गेंडाच हत्तींना तोंड न देता दुसरीकडे निघून गेला. बाबराने हे आपल्या आत्मचरित्रात जसे पाहिले तसे नोंदविले आहे, आणि गेंडा शिंगावर हत्ती उचलतो ही आपल्या मुलखातली समजूत चुकीची दिसते, असेही तो लिहितो. लिस्बनमध्ये एका भेदरलेल्या हत्तीवरून ग्रंथ सिद्ध झाला, पेशावरात एका निघून गेलेल्या गेंड्यावरून दंतकथा खाली पडली. प्रबोधनाची वृत्ती केवळ युरोपातच होती, असे मानणाऱ्यांनी बाबराची ती पाने अवश्य वाचावीत.

आता चित्राकडे येऊ. लिस्बनमध्ये व्हालेंतीं फेर्नांदिश नावाचा मोराव्हियाकडचा एक मुद्रक होता. त्याने गेंडा स्वतः पाहिला आणि न्यूरेंबर्गच्या मित्राला पत्राने कळविले. त्याच सुमारास कोणीतरी काढलेले एक रेखाटनही त्या शहरात पोहोचले. न्यूरेंबर्ग हे धातुकामाचे, व्यापाराचे आणि छापखान्यांचे शहर. तेथे आल्ब्रेख्ट ड्यूरर राहत होता. सोनाराचा मुलगा, इटलीला जाऊन आलेला, आणि आल्प्सच्या उत्तरेकडील सर्वांत मोठा चित्रकार. त्या पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याने आधी शाईने एक चित्र काढले आणि मग त्यावरून लाकडी ठसा तयार करविला. सुमारे तीस सेंटीमीटर रुंदीचा तो कागद म्हणजेच गुरुजींनी आमच्यापुढे उभे केलेले चित्र.

त्यात चुका आहेत. मानेमागचे ते शिंग खोटे. पायांवरचे खवले खोटे. वर छापलेल्या मजकुरात जनावर आल्याचे सालही १५१३ असे चुकीचे पडले आहे. पण पाहा, हिंदी गेंड्याच्या कातडीला खरोखरच जाड घड्या असतात, आणि तिच्यावर गाठीही असतात. सांगोवांगीच्या वर्णनातून ड्यूररने त्या घड्या नेमक्या हेरल्या आणि त्यांचे पोलादी चिलखत केले. चूक आहे, पण ती बुद्धिमान माणसाची चूक आहे.

त्याच वर्षी आउग्सबुर्ग येथे हान्स बुर्कमाइर या चित्रकारानेही गेंड्याचा ठसा केला. त्याचा गेंडा अधिक खरा वाटतो. मानेमागे शिंग नाही, चिलखत नाही, आणि पुढच्या पायांना दोरखंड बांधलेला आहे. ड्यूररचा गेंडा कोणाचा बंदिवान वाटत नाही, बुर्कमाइरचा वाटतो. या ठशाची आज एकच प्रत उरली आहे, व्हिएन्नात. ड्यूररच्या ठशाच्या प्रती त्याच्या हयातीतच हजारांनी खपल्या, असा अंदाज आहे, आणि मृत्यूनंतरही तो पुनःपुन्हा छापला गेला. सेबास्टियन म्युन्स्टरच्या १५४४ च्या भूगोलग्रंथात तोच गेंडा, कोनराड गेस्नरच्या १५५१ च्या प्राणिशास्त्रग्रंथात तोच. १५७७ मध्ये दुसरा जिवंत गेंडा लिस्बनला आला, लोकांनी तो पाहिला, तरीही चित्रकार ड्यूररचीच नक्कल करीत राहिले. अठराव्या शतकात क्लारा नावाची गेंडामादी युरोपभर फिरविण्यात आली आणि १७४९ मध्ये ऊद्री या फ्रेंच चित्रकाराने तिला समोर पाहून रंगविले, तेव्हा कोठे त्या मानेमागच्या शिंगाची सत्ता ओसरू लागली. सव्वादोनशेहून अधिक वर्षे गेली होती.

मूळ गेंड्याचे काय झाले? मानुएल राजाला पोपची मर्जी हवी होती, कारण पूर्वेकडील नव्या मुलखांवर पोर्तुगालचा हक्क पोपच्या फर्मानांनी पक्का होत असे. तेव्हा रोममध्ये दहावा लिओ गादीवर होता. हा फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातला, कलांचा भोक्ता आणि उधळ्या हाताचा. १५१४ मध्ये मानुएलने त्याला हान्नो नावाचा हत्ती पाठविला होता आणि त्या हत्तीने गुडघे टेकून पोपला वंदन केले म्हणून सारे रोम हर्षभरित झाले होते. आता पाळी गेंड्याची. १५१५ च्या डिसेंबरात, फुलांनी सजविलेला हिरव्या मखमलीचा पट्टा गळ्यात घालून, त्याला पुन्हा जहाजावर चढविले. त्याच महिन्यात इकडे गोव्याच्या बारापाशी आल्बुकर्कने प्राण सोडला. पदावरून दूर केल्याची बातमी त्याला वाटेतच समजली होती.

वाटेत मार्सेलपाशी फ्रान्सचा राजा पहिला फ्रांस्वा मुद्दाम येऊन गेंडा पाहून गेला. पुढे इटलीच्या किनाऱ्यावर पोर्तोव्हेनेरेपाशी वादळात जहाज फुटले. गेंडा पोहू शकतो. ब्रह्मपुत्रेच्या पुरात पोहणारे गेंडे आसामातील लोकांनी पाहिले आहेत. पण हा साखळदंडाने तक्तपोशीला जखडलेला होता. तो बुडाला. काही महिन्यांनी, १५१६ च्या जूनमध्ये, हान्नोही मेला. राफाएलसारख्या चित्रकाराला पोपने त्या हत्तीचे स्मारकचित्र करावयास लाविले. आज तेही उरलेले नाही.

या वैभवाचा पैसा कोठून येत होता, हे पाहिल्याशिवाय कथा पुरी होत नाही. रोममध्ये सेंट पीटरचे नवे मंदिर १५०६ पासून बांधले जात होते. त्यासाठी १५१५ मध्ये, म्हणजे गेंड्याच्याच वर्षी, लिओने जर्मनीत पापक्षमापत्रे विकण्यास संमती दिली. जमा झालेल्या रकमेतला अर्धा भाग रोमला जाई. उरलेल्या अर्ध्यातून आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीचे कर्ज फेडले जाई. ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्टने आर्चबिशपपद मिळविण्यासाठी ते काढले होते. याच फुगर पेढीने १५०५ च्या पोर्तुगीज मसाल्याच्या आरमारातही भांडवल घातले होते. मलबारची मिरी आणि जर्मन शेतकऱ्याचे पाप, दोन्ही एकाच घराण्याच्या वहीत जमा होत होती. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथरने या क्षमापत्रांविरुद्ध आपली पंचाण्णव विधाने पुढे मांडली. ती पसरली कागदावर, ड्यूररचा गेंडा पसरला होता त्याच छापखान्यांच्या वाटेने.

ड्यूररला ल्यूथरच्या लेखनाने धीर दिला होता. १५२० मधील एका पत्रात त्याने ते कबूल केले आहे, आणि ल्यूथरची भेट झाली तर त्याचे चित्र आपण ताम्रपटावर कोरू, अशी इच्छाही व्यक्त केली आहे. ती भेट झाली नाही. ल्यूथरचे म्हणणे होते की मध्यस्थाने सांगितले म्हणून मानू नये, मूळ ग्रंथाशी जाऊन स्वतः वाचावे. हे मानणारा चित्रकार गेंडा मात्र मध्यस्थाच्या शब्दावर काढून बसला होता.

ही टोचणी त्याला लागली असेल काय? मला वाटते, लागली असावी. १५२० च्या उन्हाळ्यात तो नेदरलँड्सच्या प्रवासाला निघाला. ब्रुसेल्समध्ये मेक्सिकोहून आलेले सोन्याचे काम त्याने डोळ्यांनी पाहिले आणि त्या परक्या कारागिरांच्या बुद्धीपुढे तो थक्क झाला. पुढे त्याला कळले की झीलंडच्या किनाऱ्यावर एक प्रचंड देवमासा वाहून आला आहे. या वेळी त्याने पत्राची वाट पाहिली नाही. कडाक्याच्या थंडीत तो स्वतः निघाला. एका बंदरात वाऱ्याने त्याची होडी समुद्राकडे ढकलली, जिवावर बेतले, कसेबसे ते किनाऱ्याला लागले. तो पोहोचला तोपर्यंत भरतीने देवमासा परत नेला होता. ड्यूररने देवमाशाचे चित्र काढले नाही.

गुरुजींचा तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर त्यांच्या घरच्यांनी माझ्या स्वाधीन केला. गेंड्याच्या पानाच्या कडेला, मानेमागच्या शिंगासमोर, त्यांच्या हस्ताक्षरात पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला आहे : ‘पाहावे’. तो ग्रंथ मी आज शाळेच्या ग्रंथालयास सुपूर्त करीत आहे.