तोफांनी राखलेलं गाव

आजच्या भागात कोडिंगला सुट्टी. आज थेट रोमन काळात जाऊ.

मध्यंतरी रात्री जागून मी एक उद्योग केला. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेने लायडारचा डेटा फुकट खुला केलाय. लायडार म्हणजे विमानातून लेझर सोडून जमिनीची उंची मोजायची. दक्षिण इंग्लंडमधल्या सॅलिसबरी प्लेन या माळरानाचा डेटा उतरवला आणि स्क्रीनवर तिरका उजेड पाडून बघितला. फोटोत नुसतं गवत दिसत होतं, तिथे चक्क एक रस्ता उमटला! त्याच्या कडेने घरांच्या सपाट जागा, ऐंशीच्या आसपास. हे चिझनबरी वॉरन, रोमन काळातलं खेडं.

रोमन ब्रिटन म्हटलं की आपल्याला स्नानगृहं आणि मोझेकच्या फरशा आठवतात. पण तेव्हाचे बहुतेक लोक अशाच खेड्यापाड्यांत शेती करून राहायचे. त्यांच्या शेतांचे बांधही इथे अजून दिसतात.

आता हे टिकलं कसं? बाकी ठिकाणी अशी कितीतरी गावं नांगराने सपाट झाली. इथे मात्र १८९७ पासून लष्कराने सरावासाठी जमिनी घ्यायला सुरुवात केली, आणि नांगर थांबला. म्हणजे बघा, जिथे तोफा धडाडतात, तिथेच गाव वाचलं! आज इंग्लंडमध्ये अशा संरक्षित जागांना १९७९ चा कायदा लागू आहे. परवानगीशिवाय खोदणं सोडाच, मेटल डिटेक्टर फिरवणंसुद्धा गुन्हा.

इथवर मी खूश होतो. मग त्याच माळरानावर इंबर नावाचं गाव सापडलं. १९४३ मध्ये अमेरिकन सैनिकांच्या सरावासाठी ते रिकामं करायला लावलं, जेमतेम दीड महिन्याची मुदत देऊन. बहुतेक जमीन आधीच लष्कराची झाली होती, लोक भाडेकरू. युद्ध संपलं की परत येऊ, अशी त्यांची समजूत होती. पण परत राहायला कोणालाच जाऊ दिलं नाही. आता वर्षातले मोजके दिवस फक्त बघायला जाता येतं.

एकाच कुंपणाने एक गाव राखलं आणि दुसरं उठवलं. खरं सांगतो, त्या रात्री लॅपटॉप बंद करताना चिझनबरीचा तो सुंदर नकाशा मला पहिल्यासारखा बघवेना.

तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!