शिट्टी वाजल्यावर
(खांडबारा येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



खांडबाऱ्याहून विसरवाडीला निघालात की महामार्गावर कुठेतरी शिट्टी वाजते. हेल्मेट घरी. लायसन्स खिशात, आणि त्यावर आपलं नाव. ते वाचून साहेबांचा आवाज बदलेल का, ही धाकधूक आपल्यातल्या अनेकांना असते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या धाकधुकीत ब्रेक दाबायचा की गाडी पळवायची, एवढंच आज बोलायचंय.

ऑगस्ट 2016, मुंबईतलं खार. वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या अल्पवयीन मुलाला अडवलं. मुलाने मोठ्या भावाला फोन करून बोलावलं. भावाने शिंद्यांच्या डोक्यात दांडका घातला. 31 ऑगस्टला ते गेले. पोरं आपल्याच समाजातली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

मार्च 2018, तमिळनाडूतलं तिरुचिरापल्ली. हेल्मेट तपासणीला न थांबलेल्या जोडप्याचा इन्स्पेक्टरने पाठलाग केला आणि चालत्या मोटारसायकलला लाथ मारली. मागे बसलेली बायको पडली, दगावली. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे जास्त खुपतं. गाडीचा नंबर टिपला असता तर दंड मालकापर्यंत आपोआप पोचला असता. पाठलाग कशासाठी?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवावंच लागतं. डिजिलॉकरमधलं चालतं, गॅलरीतला फोटो नाही. अटकेची वेळ आलीच, तरी पळून जाऊ नये म्हणून लागेल त्याहून जास्त जखडता येत नाही. नागरिक सुरक्षा संहिता, कलम 46. अटक करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू खटल्यात 1996 सालीच सांगितलंय. ते नाव वाचा, लक्षात ठेवा.

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. चावीवरून झोंबाझोंबी नको. "साहेब, कोणत्या कलमाखाली?" एवढं विचारा. फोन करून पोरं जमवू नका; खारमध्ये तिथूनच बिघडलं. शिवी आली तर तिचं उत्तर रस्त्यावर नाही, पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्या. राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. सबुरीची पहिली जबाबदारी अर्थात वर्दीचीच. काठी त्यांच्या हातात असते, प्रशिक्षणही त्यांनाच मिळतं.

आणि धाकट्याला चावी देणाऱ्या थोरल्यांनो, कलम 199अ वाचा. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड.

आता प्रश्न विचारा. मागच्या बाकांपासून सुरू करू.