पाणी चढण्यापूर्वीं नांव चढवा
(गांवच्या सभेंत केलेलें भाषण)



नदीवर विजेचें धरण होणार अशी कुणकुण लागली, कीं गांवांत दोन तट पडतात. एक म्हणतो, वीज येईल, बरें होईल. दुसरा म्हणतो, आपण बुडालों. आम्ही विजेचे वैरी नाहीं. उंचावर अडविलेलें पाणी नळांतून खालीं सोडावें, त्याच्या जोरानें चक्र फिरावें आणि दिवा लागावा, यांत वाईट कांहीं नाहीं. आमचें विचारणें एवढेंच, कीं ज्याचें घर पाण्याखालीं गेलें त्याचा हिशेब कोणीं ठेवला?

मुळशीचें उदाहरण घ्या. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें पुणें जिल्ह्यांत मुळा नदीवर धरण आरंभिलें. १८९४ च्या कायद्याच्या बळावर सरकारनें कंपनीसाठीं जमिनी घेतल्या. १९२१ सालीं मावळे सत्याग्रहास बसले. सेनापती बापट तुरुंगांत गेले. १९२४ सालीं लढा संपला आणि १९२७ पर्यंत धरण उभें राहिलें. तें पाणी आजही सुमारें ५०० मीटर खालीं भिरा येथें पडून वीज करतें. पण त्या खोऱ्यांतील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकल्या होत्या. कसणारा मावळा, कागदावर सावकार! मोबदला कागद पाहून मिळतो, हाताचे घट्टे पाहून नव्हे.

आतां कोयना पाहा. ही नदी मूळची कृष्णेस मिळणारी. तिचें पाणी सह्याद्रींतून बोगदा खोदून पश्चिमेस पोफळीकडे वळविलें आणि १९६२ पासून वीज निघूं लागली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रांत झाला १९७६ सालीं. आधीं पाणी, मागून कायदा! अर्धें शतक लोटल्यावरही कोयनेच्या धरणग्रस्तांस जमिनीसाठीं ठिय्या देऊन बसावें लागलें.

शेतकऱ्याजवळ निदान सातबारा असतो. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांचें काय? त्यांचें शेत म्हणजे गांवच. गांव दहा ठिकाणीं पांगलें, कीं गिऱ्हाईक तुटलें. तें नुकसान मोजणीदाराच्या सांखळींत बसत नाहीं.

२०१३ चा भूसंपादनाचा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यांत भूमिहीन मजूर आणि कारागीर यांसही बाधित कुटुंब म्हटलें आहे. मात्र संपादनापूर्वीं तीन वर्षें ते त्या भागांत काम करीत असले पाहिजेत आणि मुख्यतः त्यावर त्यांचें पोट असलें पाहिजे. हें सिद्ध कशानें करणार? भाता आणि रंधा साक्ष देत नाहींत. साक्ष कागद देतो.

म्हणून आमचें सांगणें चार गोष्टींचें आहे. पहिली, आजोबांच्या नांवची जमीन असेल तर वारसांची नोंद करून घ्या. मुलींचीं व विधवांचीं नांवें गाळूं नका. दुसरी, कारागिरांनीं रहिवासाचे आणि धंद्याचे पुरावे आजच जपून ठेवावे. तिसरी, संपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली कीं हरकत घेण्यास ६० दिवस असतात; ते भांडणांत घालवूं नका. घर, विहीर, झाड सुटलें असेल तर त्याच मुदतींत लेखी कळवा. चौथी, रक्कम कमी वाटली तर "हरकत राखून घेतली" असें लिहूनच ती घ्या. तसें न लिहितां पैसे उचलले, तर वाढीव मोबदल्यासाठीं पुढें दाद मागतां येत नाहीं.

धरणाची भिंत एका दिवसांत उठत नाहीं. भिंत चढते तोंवर आपलें नांव कागदावर चढलें पाहिजे. ज्या घरांत वाचणारें एक माणूस आहे, त्या घरांत नोटीस चुलींत जात नाहीं. पोरापोरींस शाळेंत पाठवा तें याचसाठीं. आणि तोंवर कोणताही कागद आला तर अंगठा करण्यापूर्वीं तो घेऊन शाळेंत या. आम्ही अक्षर न् अक्षर वाचून दाखवूं.