केस उभी राहायची वाट कशाला?

मागच्या गटाच्या बैठकीत एक जण हळूच म्हणाली, "ताई, केसचा निकाल लागू दे, मग बघू पैशाचं." तेव्हाच ठरवलं, आज यावरच बोलायचं.

आपल्या महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. बलात्कार, लेकरांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला, अशा प्रकरणांत पीडितेला सरकार मदत देतं, गंभीर असेल तर १० लाखांपर्यंत. हे पैसे सरकारी तिजोरीतून येतात, आरोपीच्या खिशातून नाही. म्हणून निकालापर्यंत थांबायचं कारण नाही. आरोपी सापडलाच नाही तरी भरपाईचा अर्ज करता येतो, तसं कायद्यातच आहे. गावातला कुणी "चार पैसे घ्या, मिटवून टाका" म्हणत आला, तर ते पैसे वेगळे आणि हे वेगळे, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

अर्ज जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा. वकील तिथं फुकट मिळतो. एफआयआरची प्रत लागते, ती पोलिसांनी मोफत द्यायची असते. "आमची हद्द नाही" म्हणाले तरी तक्रार घ्यावीच लागते. दवाखाना सरकारी असो की खाजगी, अशा बाईवर लगेच आणि विनामूल्य उपचार करणं त्यांना बंधनकारक आहे.

तिला एकटीला पाठवू नका. गटातली एक जण सोबत जा, अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या. आणि हो, बैठकीत तिचं नाव घ्यायचं नाही, वहीतसुद्धा लिहायचं नाही.

नंबर मात्र लिहून घ्या. महिला हेल्पलाइन १८१, विधी सेवा १५१००.