छोट्या गाडीचे दीर्घायुष्य
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या दारात छोटी मोटार आहे. कित्येकींच्या गाडीला दहा-पंधरा वर्षे होऊन गेली आहेत आणि 'ठेवावी की काढावी' हा वाद घरोघर चालू आहे. तेव्हा त्यावर चार शब्द बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी काही इंजिनिअर नव्हे. परंतु आमच्या घरची गाडी आणि तिची हिशेबाची वही गेली बावीस वर्षे माझ्याकडे आहे. त्या अधिकाराने बोलते.

मोटार म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती देते?" म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. गाडी जुनी असेल तर दुसरा प्रश्न येतो : "किती चालली?" तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते : "कशी चालली?" गाडीचे आयुष्य ठरते ते या तिसऱ्या प्रश्नावर, आणि त्याचे उत्तर मिस्त्रीपेक्षा घरच्या वहीत अधिक सापडते, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

उदाहरण आपल्या ओळखीचेच घेऊ. मारुती ८०० ही गाडी १९८३ साली आली. त्या वर्षी १४ डिसेंबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. त्यांनी ती गाडी २०१० साली त्यांचे निधन होईपर्यंत आपल्याजवळच ठेवली. पुढे कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या कार्यालयात दर्शनी ठेवली. २०१४ च्या जानेवारीत या गाडीचे उत्पादन थांबले. पण तोवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या देशाच्या रस्त्यांवर आल्या होत्या. आमची गाडीही त्यांतलीच एक.

ही गाडी एवढी का टिकली? इंजिन अवघे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे. अंगाने हलकी, म्हणून टायर, ब्रेक, क्लच यांच्यावर भार कमी. रचना साधी, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळणारे. विश्वासू गाडी म्हणजे कधीच न बिघडणारी गाडी, असे आपण समजतो. तसे यंत्र जगात नाही. जी बिघडण्यापूर्वी सूचना देते, जिचा बिघाड ओळखीचा असतो आणि थोडक्या खर्चात निघतो, ती विश्वासू गाडी.

परंतु नुसत्या चांगल्या घडणीवर गाडी जगत नाही. अमेरिकेतील अर्व्ह गॉर्डन या विज्ञानशिक्षकांनी १९६६ साली व्होल्वोची पी १८०० ही दोन दारांची गाडी घेतली, आणि २०१३ साली तिचे ३० लाख मैल पुरे केले. म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. पृथ्वीपासून चंद्राचे जे अंतर, त्याच्या बारापट! त्यांच्यापाशी गुपित असे काही नव्हते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जे लिहिले आहे ते वेळच्या वेळी करायचे, एवढेच. आपल्या घरी ती पुस्तिका बहुधा कपाटात, कोऱ्या करकरीत अवस्थेत असते.

त्या पुस्तिकेत एक वाक्य हमखास असते : ऑईल इतक्या किलोमीटरनंतर 'किंवा' इतक्या महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलावे. आपण किलोमीटर पाहतो आणि महिने विसरतो. "गाडी मंडईपलीकडे जातच नाही, मग ऑईल कशाला बदलायचे?" असे म्हणतो. खरी गोष्ट उलटी आहे. दोन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही. न जळलेले पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑईलमध्ये उतरतो, सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो. लांबच्या रस्त्याला एका लयीत चाललेली लाखभर किलोमीटरची गाडी, गल्लीत फिरलेल्या चाळीस हजारांच्या गाडीहून धडधाकट असू शकते. म्हणून जुनी गाडी घेताना मीटरच्या आकड्यावर भाळू नये. आकडा मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि दुरुस्तीच्या पावत्या यांना खोटे बोलणे अवघड जाते.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे बोअरचे जड पाणी. डाळ त्यात शिजत नाही हे आपण जाणतो, पण तेच पाणी रेडिएटरमध्ये ओततो! त्याचे क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात, इंजिन तापते, आणि हेड गॅस्केट गेले की मोठा खर्च उभा राहतो. तेथे पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच घालावे. तापलेल्या गाडीचे रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.

तिसरी गोष्ट रबराची, कारण रबर न चालताही म्हातारे होते. इंजिनातला टायमिंग बेल्ट, पाण्याचे आणि पेट्रोलचे पाईप यांचे आयुष्य ठरलेले असते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, तेव्हा त्याआधी बनलेल्या गाडीचे पेट्रोलचे पाईप आणि वॉशर एकदा तपासून घ्यावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '२३१९' असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी जुन्या टायरला भेगा पडलेल्या असतात. स्टेपनीचाही आकडा पाहावा. तिची आठवण आपल्याला रात्री रस्त्यावरच होते.

कोकणात माहेर असलेल्या भगिनींना गंजाविषयी वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात पायाखालची चटई उचलून खालचा पत्रा कोरडा करावा, दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवावीत, चाकांच्या कमानीतला चिखल धुऊन काढावा. इंजिन दुरुस्त होते, पण सडलेला पत्रा कोणी पुन्हा उभा करू शकत नाही.

आता वहीबद्दल. प्रत्येक वेळी पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि मीटरचा आकडा लिहावा. पुढच्या वेळी तशीच भरावी. मधले अंतर ३७४ किलोमीटर आणि पेट्रोल २२ लिटर लागले, तर गाडीने १७ दिले. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला यात अवघड ते काय? एका उन्हाळ्यात आमच्या वहीतला हा आकडा १७ वरून एकदम १४ वर आला. एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले की, जुनी गाडी, इंजिन थकले, उघडावे लागेल. आम्ही आठ किलोमीटर गाडी चालवून आणली आणि एकेका चाकाजवळ हात नेला. तीन चाके कोमट होती. पुढच्या डाव्या चाकाची धग दुरूनच लागत होती. ब्रेक धरून राहिला होता, सुटतच नव्हता. तो मोकळा करून घेतल्यावर आकडा परत १७ वर आला.

इंजिन उघडण्याचा खर्च वाचला, ही गोष्ट लहान. पुढच्याच आठवड्यात मुलांना घेऊन घाट उतरायचा होता, ही गोष्ट मोठी. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. उतारावर ब्रेक फार तापला की त्या ओलाव्याची वाफ होते आणि पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. म्हणून ते ऑईल साधारण दोन वर्षांनी बदलावे, आणि घाट नेहमी खालच्या गिअरमध्ये उतरावा.

येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. गाडी विश्वासू आहे म्हणून ती सुरक्षित आहे, असे नव्हे. रोज सकाळी एका फटक्यात सुरू होणारी आपली जुनी छोटी गाडी टकरीत मात्र माणसाला फारशी वाचवू शकत नाही. आज नव्या गाडीत पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग सक्तीच्या आहेत. जुन्या गाडीत त्या बहुधा नसतात. तेव्हा गावात, बाजाराला, शाळेला ती खुशाल वापरावी. द्रुतगती मार्गावर सगळे कुटुंब कोंबून ती ताशी शंभरने पळवू नये. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावाच. मुलांच्या बाबतीत आजीचाही आग्रह ऐकू नये.

मग गाडी काढायची केव्हा? पंधरा वर्षांनी नोंदणीची मुदत संपते. त्यानंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांची मुदत मिळते आणि हरित कर भरावा लागतो. तो दिवस निर्णयाला चांगला. वही उघडावी, गेल्या तीन वर्षांच्या दुरुस्तीची बेरीज करावी. खर्च झिजणाऱ्या वस्तूंचा असेल, म्हणजे टायर, क्लच, बॅटरी, तर गाडी निरोगी आहे. तोच तो बिघाड पुन्हा पुन्हा लिहिला गेला असेल, किंवा गंज तळाच्या मुख्य सांगाड्यापर्यंत पोहोचला असेल, तर माया आवरावी आणि तिला निरोप द्यावा. शेजारणीने नवी घेतली, हे मात्र कारण नव्हे.

भगिनींनो, गाडी चालवायला आपण शिकलो, ही मोठीच मजल झाली. आता तिचे बॉनेट उघडायलाही शिकू या. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागी उभी करून ऑईलची पट्टी पाहावी, पाणी पाहावे, टायरची हवा पाहावी. दहा मिनिटांचे काम. ज्या बाईला आपल्या गाडीचा आकडा तोंडपाठ असतो, तिला गॅरेजमध्ये कोणी सहसा फसवत नाही. आणि ती चाकामागे बसली असताना घरचे निर्धास्त असतात.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या अंगणात दोन गाड्या उभ्या करून हे सर्व प्रत्यक्ष दाखवावे, अशी सूचना अध्यक्षीणबाईंपुढे ठेवते. येताना प्रत्येकीने एक जुनी चिंधी आणि एक कोरी वही आणावी.