मुद्रा आणि मर्यादा



अशोकवनात शोकमग्न बसलेल्या सीतामाईसमोर हनुमंत उभा राहिला, तेव्हा हा खरोखरच रामदूत आहे की रावणाची आणखी एखादी माया, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. रामनामांकित मुद्रिका हाती आली आणि संशय फिटला. मुद्रा सोन्याची असो वा चांदीची, तिचे मोल धातूत नसते. तिच्यावर ज्याचे नाव कोरलेले असते, त्याच्या सत्यनिष्ठेत ते असते.

याच वस्तूची दुसरी बाजू विशाखदत्ताने ‘मुद्राराक्षस’ नाटकात दाखविली आहे. अमात्य राक्षसाची नाममुद्रा चाणक्याच्या हाती पडते. तिचा ठसा उमटविलेले एक बनावट पत्र राक्षस आणि मलयकेतू यांच्यात फूट पाडते. मुद्रा म्हणजे अधिकार. हा अधिकार कशासाठी वापरायचा आणि कोठे थांबायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र धातूवर आपोआप उमटत नाहीत. ती कोरणाऱ्याला द्यावी लागतात. महाराष्ट्राच्या भूमीत ती शिवछत्रपतींनी दिली.

सतराव्या शतकात दक्षिणेतील शाही दरबारांचा कारभार फारसीच्या छायेत चालत असे. शहाजीराजे आणि जिजाऊसाहेब यांच्या मुद्राही फारसी होत्या. त्याच घरातील पुत्राची अष्टकोनी मुद्रा मात्र संस्कृतात कोरली गेली. तिचा आशय असा : प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, विश्वाने वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते. तिच्यात विजयाची दर्पोक्ती नाही, शत्रुसंहाराची घोषणा नाही, बिरुदांची माळ नाही. पित्याचे नाव आहे, स्वतःचे नाव आहे आणि हेतू आहे. प्रतिपदेची कोर डोळ्यांना जेमतेम दिसते. पण ती वाढणार, हा विश्वास त्या उपमेत आहे.

महाराजांच्या पत्रांत आणखी एक लहान मुद्रा आढळते. मजकूर संपला की शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा शिक्का उठविला जाई. व्यवहार साधा होता : येथे पत्र संपले, याखाली कोणी ओळ वाढवू नये. परंतु त्यातील अर्थ खोल आहे. आरंभी कल्याणाची प्रतिज्ञा आणि अखेरीस मर्यादेची रेषा. राजाज्ञा या दोहोंच्या मध्ये उभी असे.

ही केवळ अक्षरे नव्हती. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला. महाराज तेव्हा सोळाव्या वर्षात होते. पाटील वतनदार, गावात वजनदार. तरीही त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली. २८ जानेवारी १६४६ च्या पत्रात ही हकीकत नोंदलेली आहे. मुद्रेवरील ‘कल्याण’ हा शब्द एका अबलेच्या बाजूने असा उभा राहिला.

पुढे १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, मस्तकावर छत्र आले. तरीही मुद्रा तीच राहिली. त्याच दृष्टीतून रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला आणि कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. स्वराज्याला स्वभाषेचे अधिष्ठान लाभले.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले. वसाहतकालीन क्रूस जाऊन तेथे शिवमुद्रेवरून स्फुरलेला अष्टकोन आला. प्रत्येक भारतीयाचा ऊर भरून यावा, अशीच ही घटना आहे.

परंतु अभिमानाबरोबर उत्तरदायित्वही येते. आज बोटात मुद्रिका नसेल, पण सही आहे. कोणी शिक्षणसंस्थेचा विश्वस्त, कोणी पतपेढीचा संचालक, कोणी गृहनिर्माण सोसायटीचा सचिव, तर कोणी ग्रामपंचायतीचा सदस्य. त्यांचीही सही ही मुद्राच होय. ती उमटविण्यापूर्वी दोन प्रश्न मनाला विचारावेत : हे कोणाच्या कल्याणासाठी? आणि आपली मर्यादा कोठे? जेथे हे प्रश्न विचारले जातात, तेथे शिवमुद्रेचा ठसा आजही ताजा आहे. जेथे ते विसरले जातात, तेथे भिंतीवर महाराजांची तसबीर असूनही राज्य त्यांचे नसते.