सनदेचे राखणदार



औंढा नागनाथ तालुक्यांत पूर्णा नदीवर सिद्धेश्वराचें धरण आहे. समजा, त्या गांवचा एखादा शेतकरी बांधाच्या तंट्यापायीं हिंगोलीच्या न्यायालयांत आला. काळा डगला घातलेलीं दहा माणसें त्याच्या दृष्टीस पडतात. त्यांपैकीं जाणता कोण व प्रामाणिक कोण, हें त्यानें ओळखावें कसें? त्याला आधार एवढाच कीं, ह्या माणसास कोणीतरी पारखून सनद दिली आहे, आणि तो चुकल्यास त्याला जाब विचारणारेंही कोणी आहे. हे जाब विचारणारे कोण व त्यांचें कर्तव्य कोणतें, याविषयीं आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

वकिलांपुरतें हें काम १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टानें प्रांतोप्रांतींच्या बार कौन्सिलांकडे सोंपविलें. महाराष्ट्र व गोवा यांची कौन्सिल एकच आहे. तिचे सभासद वकिलांच्याच मतांनीं निवडून येतात, आणि अडचणीचें मूळ येथेंच आहे. ज्यांनीं मत दिलें, त्यांचाच न्याय करण्याची पाळी सभासदांवर येते!

कायद्यानें वाट नीट आंखून दिली आहे. गैरवर्तनास सकृद्दर्शनीं आधार दिसला, म्हणजे प्रकरण तिघांच्या शिस्त-समितीकडे जातें. संबंधित वकिलाचें म्हणणें ऐकल्यावांचून समितीस त्याला शिक्षा करतां येत नाहीं. चौकशीअंतीं तक्रार फेटाळावी, ताकीद द्यावी, कांहीं काळ वकिली बंद ठेवावी, किंवा पटावरून नांवच कमी करावें, असे चार मार्ग तिला मोकळे आहेत. एका वर्षांत निकाल न लागल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातें. म्हणजे दिरंगाई ही देखील कर्तव्यच्युतीच होय.

मुंबईचें एक प्रकरण या संबंधांत ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाच्या दाराशीं कांहीं वकील उभे राहात, पक्षकार दिसतांच त्याच्याकडे धांव घेत, व कामासाठीं आपसांत झोंबाझोंबीही करीत, असा आरोप होता. महाराष्ट्राच्या कौन्सिलीच्या समितीनें त्यांना दोषी धरलें. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीनें त्यांना सोडून दिलें. तेव्हां महाराष्ट्राची कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयांत गेली. तिला अपील करण्याचा अधिकारच काय, असा आक्षेप निघाला. १९७५ सालीं सात न्यायाधीशांच्या पीठानें ठरविलें कीं, धंद्याचा दर्जा राखणें हें कौन्सिलीचें काम असल्यामुळें तिला तो अधिकार आहे. पुढें १९७६ सालीं न्यायालयानें असेंही सांगितलें कीं, अशा रीतीनें पक्षकार ओढणें हें गैरवर्तनच आहे.

या निकालांतून सभासदानें कोणता बोध घ्यावा? आपण जातभाईंचे वकील नसून लोकांच्या विश्वासाचे राखणदार आहों, हाच. परंतु राखणदारानेंही आपले हात स्वच्छ ठेविले पाहिजेत. १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें काश्मीरच्या वनखात्याच्या निवडीचें प्रकरण आलें होतें. निवड-मंडळाचा एक सभासद स्वतःच उमेदवार होता. त्याच्या नांवाचा विचार चालला असतां तो बाजूस झाला. तथापि प्रतिस्पर्ध्यांच्या नांवांच्या वेळीं तो बसला. न्यायालयानें ती निवड रद्द केली. पक्षपात प्रत्यक्ष झालाच, हें सिद्ध करण्याची गरज नव्हती. त्याचा रास्त संभव पुरेसा ठरला.

तेव्हां आरोपी वकील आपला स्नेही, भागीदार किंवा वैरी असेल, तर सभासदानें तें उघड सांगून आसन सोडावें. मैत्रीपायीं दोष झांकूं नये, आणि लोकांच्या टाळ्यांसाठीं निरपराध्याचा बळीही देऊं नये. सनद गेली म्हणजे एका घराची चूल विझते; पण ती नालायकाच्या हातीं राहिली, तर किती घरांच्या चुली विझतील याचा हिशेब कोणीच ठेवीत नाहीं. सिद्धेश्वरच्या त्या शेतकऱ्याला कौन्सिलीच्या सभासदांचीं नांवें कधींच कळणार नाहींत. म्हणूनच त्याचा विश्वास जपण्याची जबाबदारी अधिक आहे.